रिकामी टाकी

श्रोतेहो, नमस्कार. पेट्रोलचं रिकामं पिंप वेल्डिंगला नेलंत, तर जाणता गॅरेजवाला आधी दोन पावलं मागे सरकेल. भरल्या पिंपापेक्षा रिकामं जास्त घातकी. आत पेट्रोल नसतं, पण वाफ असते आणि तिला हवा मिळालेली असते. एक ठिणगी पुरते.

७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ. पर्ल हार्बरला फोर्ड बेटाच्या धक्क्यावर ‘निओशो’ उभी होती, अमेरिकी नौदलाची तेलवाहू बोट. विमानांचं पेट्रोल नुकतंच उतरवलेलं, म्हणजे टाक्या रिकाम्या. शेजारी युद्धनौकांची रांग, डोक्यावर जपानी विमानं. कमांडर जॉन फिलिप्स यांनी दोरखंड कुऱ्हाडीने तोडायला लावले आणि बोट त्या गर्दीतून बाहेर काढली. ती तिथेच पेटली असती, तर काय झालं असतं, याचा विचारच नको.

पाच महिन्यांनी ऑस्ट्रेलियाजवळचा कोरल समुद्र. ६ मे १९४२ ला निओशोने ‘यॉर्कटाउन’ या विमानवाहू नौकेला तेल दिलं आणि ‘सिम्स’ या विनाशिकेच्या सोबतीने ती दक्षिणेकडे निघाली. लढाईपासून लांब, असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी जपानी टेहळणी विमानाने तिलाच विमानवाहू नौका समजून तसं कळवलं. मग काय, सत्तरहून जास्त विमानं एका तेलाच्या बोटीवर! सिम्स बुडाली. निओशोला सात बॉम्ब लागले, एक विमानही येऊन आदळलं. भाजलेल्या अंगाने बोटीवरच्या ऑस्कर पीटरसन यांनी वाफेचे व्हॉल्व्ह बंद केले; त्या जखमांनीच ते गेले. शौर्याचं सर्वोच्च पदक त्यांना मरणोत्तर मिळालं.

तरी बोट बुडेना. तेल देऊन ज्या टाक्या रिकाम्या झाल्या होत्या, त्याच आता तिला तरंगत ठेवत होत्या. इंजिन बंद, डेक कललेला. चार दिवस ती वाहत राहिली. मदत वेळेवर पोचली नाही, कारण बोटीवरून कळवलेलं स्थानच चुकलं होतं. ११ मे रोजी ‘हेन्ली’ ही अमेरिकी विनाशिका आली, तिने १२३ जणांना उतरवून घेतलं आणि मग निओशोला स्वतःच बुडवलं.

हल्ल्याच्या गोंधळात अडुसष्ट जण तराफ्यांवर उतरले होते. बोट आता जाणार, असं त्यांना वाटलं होतं. ‘हेल्म’ या विनाशिकेला ते काही दिवसांनी सापडले, तेव्हा चौघे जिवंत होते.