केवड्याचे शास्त्रीय नाव कसे ठरले?

नमस्कार. माझ्या पाठीमागे दिसते आहे ती केवड्याची जाळी आहे आणि तिच्या पलीकडे खाडी समुद्राला मिळते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर असा केवडा अनेक ठिकाणी वाढतो. उष्ण कटिबंधातील बेटांवरच्या आणि किनाऱ्यांवरच्या वनस्पतींना नावे देताना शास्त्रज्ञांपुढे ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक या एका झाडात सापडतात, म्हणून आज आपण त्याच्याच नावाचा शोध घेणार आहोत.

केवड्याची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. फिकट पात्यांत गुंडाळलेले जे सुगंधी कणीस आपण पूजेसाठी आणतो, ते नर झाडाचे असते. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ धरते. नराला केवडा आणि मादीला केतकी म्हणण्याची जुनी रीत आहे. हा भेद बारकाईने पाहणाऱ्या माणसांनी केलेला आहे आणि व्यवहारात तो उपयोगीही पडतो, परंतु वर्गीकरणाच्या दृष्टीने ही दोन्ही झाडे एकाच जातीची आहेत. उलट, फळ सारखे दिसले तरी अननसाचे कुळ निराळे आहे. बाह्य रूपावरून नाते ठरवता येत नाही, हे वर्गीकरणात पदोपदी लक्षात ठेवावे लागते.

या जातीचे आजचे शास्त्रीय नाव पँडॅनस ओडोरिफर असे आहे. अशा नावात पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या जातीचे विशेषण असतो. पँडॅनस हा शब्द मलय भाषेतील ‘पांदान’वरून आला आणि ओडोरिफर म्हणजे सुगंध वाहणारा. यातील दुसऱ्या शब्दाचा इतिहास मला फार हृद्य वाटतो. दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस, याचा शिष्य पीटर फॉर्स्कॉल डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर येमेनला गेला, तेथील वनस्पतींची त्याने टिपणे केली आणि 1763 मध्ये, वयाच्या अवघ्या 31व्या वर्षी, तेथेच त्याचा मृत्यू झाला. मोहिमेतून जिवंत परतलेला एकटा कार्स्टन नीबूर पुढे मुंबईत येऊन राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे त्याने घेतली होती. त्यानेच 1775 मध्ये मित्राची टिपणे छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात केवड्याचे नाव ‘केउरा ओडोरिफेरा’ असे आहे. आपल्याकडील ‘केवडा’ आणि हिंदीतील ‘केवड़ा’ या शब्दांशी असलेले त्याचे साम्य कानाला लगेच जाणवते.

पुढे 1782 मध्ये लिनियसच्या मुलाने याच जातीला ‘ओडोरॅटिसिमस’, म्हणजे अत्यंत सुगंधी, असे नाव दिले आणि ते पुष्कळ पुस्तकांत रुळले. परंतु वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1 मे 1753 नंतर नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या नावांपैकी सर्वांत आधीचे नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे केउरा हे प्रजातीचे नाव मागे पडले तरी फॉर्स्कॉलचे विशेषण टिकले.

पॅसिफिक महासागरातील बेटांवर याचा जवळचा नातेवाईक आढळतो. कॅप्टन कुकच्या जहाजावरील चित्रकार सिडनी पार्किन्सन याने त्याला पँडॅनस टेक्टोरियस असे नाव दिले, कारण त्याच्या पानांनी घरे शाकारली जात. या दोन जाती एकच मानाव्यात की वेगळ्या, यावर बराच काळ मतभेद राहिले. याचे कारण समजण्यासाठी वनस्पतिसंग्रहालयातील, वाळवलेला नमुना चिकटवून ठेवण्याचा कागद डोळ्यांसमोर आणा. तो साधारण 42 सेंटिमीटर लांब आणि 28 सेंटिमीटर रुंद असतो, तर केवड्याचे एकेक पान त्याच्या कितीतरी पट लांब, फळ डोक्याएवढे, आणि एका झाडावरून घेतलेला नमुना एकाच लिंगाचा. त्यात बेटांवरील लोकांनी गोड फळांची झाडे निवडून फांद्या लावून वाढवलेली. एखाददुसरे फळ हाती आले की नवी जात जाहीर करण्याचा मोह त्यामुळे अनेकांना झाला.

नाव चुकीचे असले तर ते बदलता येते का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. दर्याचा नारळ आपण पाहिला असेल. पूर्वी फकिरांचे कटोरे त्याच्या कवचाचे असत. ही फळे मालदीवच्या किनाऱ्याला लागत, त्यामुळे 1791 मध्ये त्याच्या नावात ‘माल्दिविका’ आले. झाड मात्र मालदीवमध्ये नाहीच. ते सेशेल्समधील प्रालें आणि क्युरियूज या बेटांवर नैसर्गिकरीत्या वाढते. तरीही त्याचे नाव आज लोडोइसिया माल्दिविका असेच आहे, कारण अर्थ जुळत नाही एवढ्यावरून नाव रद्द करण्यास संहिता परवानगी देत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. प्रत्येक नव्या माहितीबरोबर नाव बदलत गेले असते, तर जुन्या नोंदींचा धागाच तुटला असता.

नमुन्याबरोबरच्या चिठ्ठीवर स्थानिक नावासाठीही जागा ठेवतात, आणि ती रिकामी सोडू नये असा माझा आग्रह आहे. ज्या सुरंगीच्या कळ्यांचे वळेसर आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर माळतात, तिला आधी उंडीच्या प्रजातीत ठेवले होते. पुढे अभ्यासाअंती ती दुसऱ्या प्रजातीत गेली. आज ती मॅमिया सुरिगा आहे: पहिला शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ‘मामेय’वरून घेतलेला आणि दुसरा आपल्या सुरंगीचा.