कपाळाला आठ्या पडतात का? सातव्या नसेविषयी

मंडळी, मुंबईत एका बाजूने तोंड वाकडं झालेला माणूस दवाखान्यात आला की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘लोकलच्या दारात उभा होतो, वारा लागला.’ मागोमाग घरच्यांचा प्रश्न येतो: ‘हा लकवा आहे का हो?’ वाऱ्याचं आपण बाजूला ठेवू. लकव्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुष्कळदा कपाळावरच लिहिलेलं असतं.

मेंदूतून नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, बारा जोड्या थेट निघतात. पहिली वासाची, दुसरी दृष्टीची. तिसरी, चौथी आणि सहावी डोळा फिरवतात. पाचवीमुळे चेहऱ्यावरचा स्पर्श कळतो. चेहरा हलवणारी ती सातवी. आज तिच्यापुरतंच बोलू.

रुग्णाला भुवया उंचावायला सांगा. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतो, खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे मेंदूच्या एका अर्ध्यात स्ट्रोक आला, म्हणजे घरचे ज्याला लकवा म्हणतात तो मेंदूचा झटका, तर ओठ ओघळतो, पण आठ्या दोन्हीकडे पडतात. नसच बिघडली तर त्या बाजूचं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं आणि डोळा मिटत नाही. या दुसऱ्या प्रकारात कारण सापडलं नाही तर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. नाव सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाचं.

यातही एक फसगत आहे. मेंदूच्या देठात स्ट्रोक आला तर कपाळही जाऊ शकतं, कारण तिथे ही नस सहाव्या नसेच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडते. म्हणून हात-पाय लुळे, एकाच्या दोन वस्तू दिसणं, बोबडी वळणं, तोल जाणं यांपैकी काहीही सोबत असेल तर कपाळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या औषधाला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. पापणी नुसती खाली लोंबत असेल तर तो सातवीचा दोषच नव्हे. पापणी उचलते तिसरी, मिटते सातवी.

आता ही नस इतक्या सहज का अडकते ते बघा. कानाजवळच्या हाडात तिचा सुमारे ३ सेंटिमीटरचा बोगदा आहे आणि सर्वांत अरुंद जागी तो १ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. नसेला सूज आली तर हाड तसूभर सरकत नाही. नस दबते, तिचा रक्तपुरवठा आवळला जातो. बोगद्यातच तिच्या छोट्या फांद्या फुटतात: अश्रूंची, मोठा आवाज दबवणाऱ्या कानातल्या चिमुकल्या स्नायूची, जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीची. म्हणून काहींना कुकरची शिट्टी सहन होत नाही, काहींना आमटी बेचव लागते. पुढे ती गालगुंडात सुजणाऱ्या लाळग्रंथीतून जाते आणि पाच फांद्यांत विभागते, पण गंमत म्हणजे त्या ग्रंथीला स्वतः काहीच देत नाही. दाताच्या डॉक्टरांचं खालच्या जबड्याचं इंजेक्शन फार मागे गेलं तर चेहरा काही तास ओघळतो, तो इथेच.

बेल्स पाल्सी सहसा ७२ तासांत पूर्ण वाढते. आठवडे-महिने हळूहळू वाढत गेली तर गाठ शोधावी लागते. कानात पुरळ आणि जोरात दुखणं असेल तर ती नागीण असू शकते. तिला विषाणूविरोधी औषधही लागतं. एरवी प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड, आणि तेही ७२ तासांच्या आत. एक प्रचलित मात्रा रोज ५० मिलिग्रॅम, १० दिवस. मधुमेह्याची साखर त्याने चढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि ग्लुकोमीटर हाताशी ठेवा. ‘मालिश करून बघू’ म्हणत जे तीन दिवस जातात, ते सर्वांत महाग पडतात.

खरं नुकसान होतं ते डोळ्याचं. न मिटणारा डोळा पंख्याखाली आणि एसीत सुकतो, बुबुळाला जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना गॉगल, रात्री मलम घालून पापणी मिटवून चिकटपट्टी. नुसता कापूस ठेवून पट्टी बांधली तर आत डोळा उघडतो आणि कापूस बुबुळावर घासतो. डोळा लाल झाला किंवा दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत ते महिन्यांत परततो. नस पुन्हा वाढताना कधीकधी तिचे तंतू वाट चुकतात. हसलं की डोळा बारीक होतो. जबड्याखालच्या लाळग्रंथींसाठी निघालेले तंतू अश्रुग्रंथीला जाऊन पोहोचले, तर वडापावचा पहिला घास घेतल्याबरोबर त्या एकाच डोळ्यातून पाणी येतं. त्यात मिरचीचा दोष नसतो. फारच त्रास झाला तर अश्रुग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा असर काही महिने टिकतो.