शाहिरामागे कोण उभे आहे?

ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू असताना विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार 'पन्नास खोके, एकदम ओके' अशी घोषणा देत होते; खोके म्हणजे बोलीत एक कोटी रुपये. शिवसेनेतून फुटून सत्तेत गेलेल्या आमदारांनी पैसे घेतले, असा आरोप त्या घोषणेत होता आणि त्या आमदारांनी तो फेटाळला होता. घोषणा मात्र व्हॉट्सॲपवरून आणि मीममधून राज्यभर फिरत राहिली. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या तरुण रॅपरच्या गाण्यात हेच खोके आले आणि ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात, राजकारण्यांनी जनतेची काय दशा केली हे सांगणाऱ्या गाण्यावरून, मुंबईत वडाळ्याच्या उमेश खाडे या रॅपरवरही गुन्हा नोंदवला गेला.

सत्तेला गाणे झोंबण्याची ही महाराष्ट्रातील पहिली वेळ नव्हे. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावातील कामगार हा त्यांचा श्रोताही होता आणि विषयही. पुढे तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा अण्णा भाऊंनी तोच बाज लोकनाट्य या नावाने रंगमंचावर आणला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीने गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरणाऱ्या मजुराच्या विरहातून मराठी मुलुखाच्या ताटातुटीचे दुःख सांगितले, आणि ते कोणाला वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

या परंपरेचे बळ केवळ शब्दांत किंवा अमर शेखांच्या पहाडी आवाजात नव्हते. पोवाडा जवळून पाहिला की ते दिसते. शाहीर डफावर थाप मारून एक ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ओळीचा शेवट उचलून 'जी जी रं जी' म्हणत ती लांबवतात. तेवढ्या अवधीत शाहिराला श्वास मिळतो, श्रोत्याला अर्थ पोचतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत मैदानातील माणसेच झील धरू लागतात. कलापथकाच्या बाबतीत या झीलकऱ्यांच्याही मागे युनियन होती, कम्युनिस्ट पक्ष होता, चाळी होत्या. शाहिराला पकडले, तर दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारातील गेटसभेत त्याची चौकशी करणारी माणसे होती.

मोबाइलने या रचनेतील एक मोठी अडचण दूर केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ज्याला पक्ष नाही, मंच नाही, ध्वनिमुद्रणाचा खर्च परवडत नाही, असा वस्तीतील मुलगा आज फुकट मिळालेल्या बीटवर आपले म्हणणे मांडतो आणि त्याच रात्री ते गडचिरोलीपासून दुबईपर्यंत ऐकले जाते. पण कोणाला काय दिसावे हे ॲप चालवणाऱ्या कंपनीचे गणित ठरवते. रीलच्या काही सेकंदांत मुखडा तेवढा मावतो आणि ज्या कडव्यात कारण सांगितलेले असते ते बाहेर राहते.

कायद्याची बाजूही तितकीच गुंतागुंतीची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदवर प्रश्न विचारणाऱ्या फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने ती पोस्ट फक्त लाइक केली होती. त्यानंतर गेलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. दंडसंहितेतील बदनामीची आणि चिथावणीची कलमे मात्र हाताशी राहिलीच. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ६९ अ नुसार सरकार मजकूर अडवण्याचा आदेश देऊ शकते आणि २००९ च्या नियमांप्रमाणे ती कारवाई गोपनीय ठेवली जाते. पूर्वी कार्यक्रमावर बंदी आली, तर बंदीचा हुकूम निदान सगळ्यांना ठाऊक होत असे. आता एखादे गाणे कोणी आणि का काढायला लावले, हे श्रोत्याला कळेलच असे नाही.

२०२३ मधील दोन्ही रॅपरांची बाजू विरोधी पक्षांच्या नेत्यांनी घेतली. ते आवश्यक होते, पण तेवढ्यावर गाणाऱ्याचे भागत नाही, कारण उद्या तोच गायक त्या नेत्यांवरही गाणे रचणार आणि रचलेच पाहिजे. त्याला हवा आहे तो वकिलाची फी वर्गणीतून भरणारा, तारखेला कोर्टात येऊन बसणारा आणि व्हिडिओ हटवला गेला तर चौकात पूर्ण गाणे म्हणणारा श्रोतृवर्ग. बाबासाहेब आंबेडकरांचे विचार गाण्यांतून पोचवणाऱ्या आंबेडकरी जलशांनी असा श्रोतृवर्ग वस्त्या-वस्त्यांत घडवला आणि तो आजही भीमजयंतीला पदरमोड करून गायकांना बोलावतो. रॅप करणाऱ्या मुलांची पहिली मैफल त्याच मांडवात, ज्येष्ठ गायकांच्या बरोबरीने व्हायला हवी; कडव्यांसाठी तिथे वेळ आहे आणि झील धरायला माणसेही आहेत.