विटेवरचा आळ

शनिवारवाड्यावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांच्या मनात आधी ‘काका, मला वाचवा’ सुरू होतं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, त्यावर पुष्कळ बोललं गेलंय. आज मी विटेची वकिली करायला उभा आहे.

विटेवरचा आरोप तुम्हीही ऐकला असेल. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली. दगडी काम पहिल्या मजल्यापर्यंत चढल्यावर सातारकरांनी शाहू महाराजांचे कान भरले, की दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा. मग म्हणे वरचे मजले विटांचे झाले. आणि पुढे इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा विटा कोसळल्या, दगड तेवढा राहिला. वाडा दाखवायला नेणारे हे इतकं रंगवून सांगतात, की ऐकणारा चौथऱ्याकडे बघून हळहळतो आणि विटेला नावं ठेवत बाहेर पडतो. अहो, ज्या मुलखाचा देव अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, त्या मुलखात विटेची ही अब्रू! मला हे मनापासून लागतं.

आता तोफांचं पाहू. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, मग येरवड्याची. दुसरे बाजीराव पुणं सोडून गेले आणि १७ नोव्हेंबरला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. वाडा तोफांनी पाडायची वेळच आली नाही. तो उभा होता आणि पुढे दहा वर्षं उभाच राहिला. तो गेला २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत. ही आग कित्येक दिवस धुमसत होती.

राहिली सातारकरांची तक्रार. ती झालीही असेल, सातारा आणि पुण्यात कुरबुरी काय कमी होत्या? पण वरच्या विटांसाठी राजाज्ञेची गरजच नाही. जुन्या पेठांतला कुठलाही वाडा बघा: खाली घडीव दगडाचं जोतं, वर सागवान आणि वीट. बांधायची रीतच ती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा तटसुद्धा तसाच आहे. दरवाजापाशी उभं राहून वर नजर न्या, दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते स्वच्छ दिसतं. हत्तींनी धडक मारू नये म्हणून फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे सगळे बघतात, वरच्या विटांकडे कुणी मान वर करत नाही. त्या तटावर इतकी वर्षं पुण्याचा पाऊस पडतोय आणि तो उभा आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

अशा वाड्यात भार पेलतो तो लाकडी सांगाडा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर आडवी तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे लाकडी छत. शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आला, असं सांगतात. वीट या सांगाड्याच्या मधली भिंत भरते. ऊन अडवते, आडोसा करते, पण मजला तिच्या एकटीच्या डोक्यावर नसतो. सांगाडा जळला की तुळया खाली येतात, भिंतींना धरणारं काही उरत नाही आणि तापलेल्या चुन्याची पकडही सुटते. वीट स्वतः भट्टीतून आलेली, तिला आगीचं काय भय? जळलं ते लाकूड आणि दोष आला विटेवर. जोतं वाचलं, कारण त्यात जळण्यासारखं नव्हतं.

हजारी कारंज्याचं राहिलंच. सोळा पाकळ्यांचं ते कमळ आणि कात्रजहून आणलेलं पाणी, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

एवढं मात्र करा. बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा बघून या. सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब, त्यावरची नक्षी, पुढे आलेला सागवानी सज्जा हे सगळं तिथे अजून जागेवर आहे. ते डोळ्यांत साठवून शनिवारवाड्यात गेलात, की रिकाम्या चौथऱ्यावर कुठला खांब कुठे उभा असेल याचा अंदाज बांधता येतो. आता विचारा प्रश्न.