आग लागण्याआधीची विहीर

(दृश्य : रात्रीचं अग्निशमन केंद्र. टेबलावर फॅक्स मशीन, त्याच्या काठावर शीतपेयाचा रिकामा डबा.)

हा डबा नीट बघून घ्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एका अग्निशमन केंद्राची घंटा म्हणजे हा डबा होता. आगीची वर्दी फॅक्सवर यायची. मशीनमधून कागद पुढे सरकायचा, डब्याला धक्का लागायचा, डबा खाली पडायचा. त्या आवाजानं जवान उठायचे आणि गाडीकडे धाव घ्यायचे.

ही बातमी २०१४ ची. त्याच्या आदल्या वर्षी, १८ जुलै २०१३ रोजी, डेट्रॉइटनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. 'घंटा काढा आणि डबा ठेवा' असा ठराव कुठल्याही सभागृहानं केला नव्हता. असा ठराव कुणी करतही नाही. शहराची सुरक्षा एका मतदानात कोसळत नसते. 'यंदा जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू' या एका वाक्यावर ती वर्षानुवर्षं झिजत जाते.

हे वाक्य जिथे उच्चारलं जातं, त्या सभागृहात आता जाऊ.

(दृश्य : सभागृह. अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, मध्ये पीठासीन अधिकाऱ्याचं आसन, बाजूला सचिवांचं टेबल.)

शहर कुठलंही असो, कामाची रीत साधारण सारखीच. विषयपत्रिका निघते. नियमाचा मसुदा वाचला जातो, समितीकडे जातो, हरकती-सूचना मागवल्या जातात, मसुदा परत येतो, उपसूचना मांडल्या जातात आणि शेवटी मतदान होतं. अंदाजपत्रकाचा प्रवासही जवळपास असाच. प्रशासन आकडे मांडतं, सभागृह त्यांची चिरफाड करतं.

नियम आणि पैसा यांची चर्चा मात्र बहुतेक वेळा वेगवेगळ्या दिवशी होते. सगळी गोम इथेच आहे. 'प्रत्येक सार्वजनिक इमारतीत बाहेर पडायला दोन मोकळे मार्ग हवेत' या नियमाला विरोध कोण करणार? हात वर होतात, टाळ्या पडतात. ते मार्ग मोकळे आहेत का, हे दारोदार जाऊन कोण बघणार आणि त्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न चार महिन्यांनी, अंदाजपत्रकाच्या कुठल्याशा पानावर उगवतो. तोवर टाळ्या विरलेल्या असतात.

(दृश्य : जुन्या लंडनचा नकाशा.)

लंडन, सप्टेंबर १६६६. सलग चार दिवस शहर जळत राहिलं. १३,२०० घरं गेली, ८७ चर्च गेली. नियम नव्हते म्हणून हे झालं असं समजू नका. गवती छपरांना तिथे शतकानुशतकं बंदी होती आणि लाकडी बांधकामाविरुद्ध राजाचे हुकूमही निघाले होते. पाळत कुणीच नव्हतं, पाळायला लावणारंही कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी शहराचे महापौर थॉमस ब्लडवर्थ यांच्यासमोर प्रश्न आला, की आगीच्या वाटेतली घरं पाडून मोकळी जागा करायची का? घरमालकांची संमती नाही, भरपाई कुणी द्यायची ते ठरलेलं नाही. ते कचरले आणि आग पुढे सरकली.

त्यानंतर जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. १६६७ च्या कायद्यानं विटा आणि दगडाचं बांधकाम सक्तीचं केलं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. नियम पाळला जातोय का हे बघायला सर्वेक्षक नेमले गेले आणि सार्वजनिक कामांच्या खर्चासाठी लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर कर बसवला गेला. नियम, नियम राबवणारी माणसं आणि पैसा ही तिन्ही सूत्रं एकत्र बांधली गेली. यातलं एक जरी सुटलं तरी काय होतं, ते शिकागोनं पाहिलं. ३० डिसेंबर १९०३ रोजी तिथल्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली. थिएटर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि जाहिरातीत ते 'पूर्णपणे अग्निरोधक' होतं. बाहेर पडायची काही दारं कुलूपबंद होती, काही पडद्यांमागे लपलेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. शहराच्या पुस्तकात थिएटरांसाठीचे नियम त्या दिवशीही होतेच.

(दृश्य : अग्निशमन केंद्राचा हजेरी फलक. नावांसमोर पाळ्या लिहिलेल्या.)

आता थोडं गणित. हे एकदा डोक्यात बसलं की सभागृहातली निम्मी चर्चा उलगडते.

आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसानं आठवड्याला ४२ तास काम केलं, तर गाडीवरची एकच जागा चोवीस तास भरलेली ठेवायला चार माणसं लागतात. त्यात कुणी आजारी पडतं, कुणी रजेवर जातं, कुणी प्रशिक्षणाला. म्हणजे पाचवा माणूस आलाच. गाडीवर चौघं हवीत, तर एका गाडीमागे वीस माणसांचा पगार धरावा लागतो. 'आमच्या भागाला एक गाडी द्या' अशी मागणी नगरसेवक करतो, तेव्हा तो खरं तर वीस नोकऱ्या मागत असतो आणि त्याही दरवर्षी.

गाडीची खरेदी एकदाच होते. तिला हार घालता येतो, फोटो निघतो. पाचव्या माणसाचा फोटो कुणी काढत नाही. म्हणून नव्या गाडीला मंजुरी पटकन मिळते आणि भरती रखडते. मग आहेत त्याच माणसांना जादा तास बसवावं लागतं, जादा तासांचा खर्च फुगतो आणि पुढच्या वर्षी तोच आकडा दाखवून कुणीतरी विचारतं, 'हे खातं इतकं उधळं कसं?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला ज्या अधिकाऱ्याला उभं राहावं लागतं, त्याच्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे.

सॅन डिएगो शहरानं फेब्रुवारी २०१० मध्ये काटकसर म्हणून रोज आठपर्यंत अग्निशमन गाड्या आळीपाळीनं बंद ठेवायला सुरुवात केली. केंद्र चालूच, दिवे चालूच, त्या दिवशी गाडी तेवढी निघत नसे. कागदावर बचत झाली. जुलैमध्ये एका घरात लहान मुलाच्या घशात खाण्याची वस्तू अडकली. घराजवळच अग्निशमन केंद्र होतं. तिथली गाडी दुसऱ्या वर्दीवर, शेजारच्या भागात गेलेली होती आणि त्या भागातली गाडी काटकसरीत बंद होती. मदत पोहोचायला नऊ मिनिटांहून जास्त वेळ लागला. मूल गेलं.

अमेरिकेत पूर्णवेळ अग्निशमन दलांसाठीचं जे मानक आहे, त्यात पहिल्या गाडीच्या प्रवासाला २४० सेकंद दिलेले आहेत. सभागृहात टक्केवारी बोलली जाते, हे सेकंद सहसा कुणी बोलत नाही. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, सॅन डिएगोनं त्या सगळ्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या.

पैसा कमी पडला की आणखी एक मोह होतो. नियम मोडणाऱ्यांच्या दंडातूनच खर्च भागवायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन या छोट्या शहरात हेच झालं आणि मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं अहवालात स्पष्ट लिहिलं, की तिथल्या पोलिसांच्या कामाला सुरक्षेपेक्षा महसुलाच्या गरजेनं वळण दिलं होतं. दंड जमेच्या बाजूला लिहिला, की लोकांनी नियम मोडणं ही शहराची गरज होऊन बसते.

(दृश्य : मोठं उद्यान, गर्दी, समोर व्यासपीठ.)

मिनीॲपोलिसची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

२५ मे २०२० रोजी तिथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. ७ जूनला १३ पैकी ९ नगरसेवक एका उद्यानातल्या व्यासपीठावर उभे राहिले आणि शहराचं पोलीस खातं मोडीत काढण्याचं वचन त्यांनी दिलं. नऊ म्हणजे बहुमतापेक्षा जास्तच. पण ती सभा उद्यानातली होती, सभागृहातली नव्हे. शहराच्या सनदेत, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ कायद्यात, लोकसंख्येच्या प्रमाणात किमान किती पोलीस ठेवायचे ते लिहिलेलं होतं, आणि सनद बदलायची तर विषय मतदारांपुढे न्यावा लागतो. सनदेचं काम पाहणाऱ्या आयोगानं ऑगस्टमध्ये विचाराला आणखी वेळ मागितला. त्या वर्षीच्या मतपत्रिकेवर तो प्रश्न येऊच शकला नाही.

मग उरलं अंदाजपत्रक. डिसेंबर २०२० मध्ये चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. महापौरांनी पोलिसांसाठी मांडलेल्या रकमेतले सुमारे ८० लाख डॉलर काढून हिंसा रोखण्याच्या आणि मानसिक त्रासातल्या माणसांना मदत करण्याच्या कामांकडे वळवले गेले. पोलिसांची संख्या कायमची खाली आणायची का, यावर मात्र सभागृह दुभंगलं. ७ विरुद्ध ६ मतांनी ८८८ हा आकडा तसाच राहिला. एका मताचं अंतर. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच सभागृहानं नव्या पोलीस भरतीसाठी ६४ लाख डॉलर एकमतानं मंजूर केले, कारण दरम्यान बरेच पोलीस नोकरी सोडून किंवा दीर्घ रजेवर गेले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रश्न अखेर मतदारांपुढे आला आणि सुमारे ५६ टक्क्यांनी 'नको' म्हटलं.

या नगरसेवकांनी शब्द फिरवला असं पुष्कळांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्यांच्यापुढे दोन खऱ्या भीती उभ्या होत्या. पोलीस दारात आले तर काय होईल ही एक, आणि बोलावल्यावर आलेच नाहीत तर काय होईल ही दुसरी. कधी कधी दोन्ही भीती एकाच गल्लीत, एकाच घरात राहत होत्या. अशा वेळी आकडा मागेपुढे होणारच. व्यासपीठावरून आकडा न सांगता वचन दिलं, चूक म्हणायची तर ती ही.

डेन्व्हर शहरानं जून २०२० मध्ये वेगळी सुरुवात केली. मानसिक त्रास, नशा, बेघर माणसाची अडचण अशा काही फोनांवर पोलिसांऐवजी एका गाडीतून समुपदेशक आणि वैद्यकीय मदतनीस पाठवायचे. सुरुवात एका गाडीनं केली, आणि ते मला शहाणपणाचं वाटतं.

(दृश्य : नागरिकांसाठीचं बोलण्याचं टेबल. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा.)

हे तीन दिवे बऱ्याच सभागृहांत दिसतात. नागरिकाला बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की थांबा. टेबलाशी आलेल्या माणसाचे हात बघा. घडी घातलेला कागद असतो आणि तो थरथरत असतो. जिन्यात दिवा नाही, दार बाहेरून बंद असतं, पाण्याच्या नळखांबाला दाब नाही. दाखवण्यासारखं छायाचित्र असतं, पण ते शेवटच्या रांगेपर्यंत दिसत नाही. पिवळा लागतो. आधीच्या वक्त्यांत वेळ गेल्यानं पुढच्यांना एकेकच मिनिट मिळेल, अशी घोषणा होते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचे रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून लिहीत होते, तक्रारी करत होते. इमारत २४ मजल्यांची, मालकी स्थानिक परिषदेची. नूतनीकरणात बाहेरच्या आवरणासाठी आधी जस्ताचे पत्रे ठरले होते. ते बदलून ॲल्युमिनियमचे, मध्ये ज्वलनशील थर असलेले पत्रे बसवले गेले. त्यात सुमारे ३ लाख पौंड वाचले. १४ जून २०१७ च्या रात्री आग त्या आवरणावरून वर चढली. ७२ माणसं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतिम अहवाल आला, तेव्हा चौकशीच्या प्रमुखांनी सांगितलं, की हे सगळे मृत्यू टाळता आले असते.

३ लाख भागिले ७२ हा हिशेब मी करू लागलो होतो. केला नाही.

(दृश्य : अंदाजपत्रकाचं एक पान जवळून. बोट एका ओळीवरून सरकतं.)

तुमच्या शहराचं अंदाजपत्रक हाती आलं, तर एकूण रकमेपाशी थांबू नका. अग्निशमनाचं पान काढा. गेल्या वर्षीची तरतूद आणि गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च असे दोन रकाने शेजारी शेजारी मिळाले तर बघा. तरतूद भरघोस आणि खर्च निम्मा असेल, तर 'पुढच्या वर्षी बघू' कुठे म्हटलं गेलं ते तुम्हाला सापडलं. मग मंजूर पदं आणि भरलेली पदं. मग जादा तासांचा खर्च. नव्या गाडीची ओळ सगळ्यात शेवटी वाचा.

(दृश्य : पुन्हा रात्रीचं अग्निशमन केंद्र. चार खाटा. तीन भरलेल्या, एक रिकामी. फलकावर त्या जागेसमोर लिहिलेलं : 'रजा. बदली उपलब्ध नाही.' घंटा वाजते. तिघं उठतात.)