रावसाहेब

(गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी माझी ओळख करून देताना ‘संगणकतज्ज्ञ’ असा शब्द आला. तज्ज्ञ वगैरे मी नाही. डिचोलीच्या बाजारात माझं दुकान आहे. सव्वीस वर्षं लोकांचे कॉम्प्युटर खोलतो, पुसतो आणि परत बंद करतो. बऱ्याचदा पुसण्यानेच काम होतं, पण पुसण्याचे पैसे मागितले की गिऱ्हाइकाला राग येतो, म्हणून आम्ही त्याला सर्व्हिसिंग म्हणतो.

विषय मागे फळ्यावर लिहिलाय, ‘नवा प्रोसेसर येईपर्यंत थांबावं का?’ अक्षर सुरेख आहे, आजकाल खडूने असं कोण लिहितं? विषय मीच सुचवला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरची गणितं करणारी मुख्य चिप. दुकानात सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नाही. ‘घेवूं काय रावूं?’ हा आहे, म्हणजे घेऊ की थांबू? घरी कोकणी बोलणारे आपण सगळे, सभेत उभे राहिलो की मराठी सुरू करतो, पण हा प्रश्न काही मराठीत येत नाही. आणि बघा, मराठीत राव म्हणजे मोठा माणूस, कोकणीत राव म्हणजे थांब. तेव्हा दहा वर्षं थांबलेल्या माणसाला रावसाहेब म्हणायला दोन्ही भाषांची हरकत नसावी. आमचे भावोजी असे रावसाहेब आहेत. त्यांच्याबद्दल बोलायची परवानगी घेतलीय. म्हणजे बहिणीची घेतलीय.

भावोजींचा कॉम्प्युटर २००९चा. मीच असेंबल केलेला. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम (चालू काम ठेवायची जागा), ३२० जीबीची हार्ड डिस्क (फाइली साठवायची जागा). त्यावर गावातल्या उत्सवाची पत्रकं, जत्रेच्या नाटकाची हस्तपत्रकं, भजनाची रेकॉर्डिंगं, आणि कुणाकुणाच्या मुंजीच्या पत्रिका. सकाळी आंघोळ करून ते बटण दाबत आणि परसात जास्वंदी काढायला जात. परडी भरायची, फुलं धुवायची, दूर्वा निवडायच्या, देवासमोर ठेवायच्या. परत येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल अजून फिरतंय.

२०१५ साली चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर ते दुकानात आले. पाकिटात पस्तीस हजार. मी म्हटलं, आता उत्तम वेळ आहे, इंटेल कंपनीचे सहाव्या पिढीचे प्रोसेसर नुकतेच आलेत, स्कायलेक नावाचे. तर त्यांनी खिशातून मासिकाचं कात्रण काढलं. ‘हे चौदा नॅनोमीटरचे. पुढचे दहाचे येणार.’ आकडा जितका लहान तितकी चिप बारीक कारागिरीची, असा हिशोब. आता त्या दहाचा मूळ वायदा २०१६चा, आणि तोही तेव्हा पुढे सरकून २०१७वर गेला होता. भावोजी म्हणाले, ‘दोन वर्षांचा तर प्रश्न. रावतां.’ पाकीट परत खिशात.

मध्येच सांगतो, हे नॅनोमीटर आता माप राहिलेलं नाही. एके काळी त्या आकड्याचा चिपवरच्या बारीक स्विचच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या, खऱ्याखुऱ्या लांबीशी संबंध होता. आता ते नाव आहे. आपल्याकडे ‘नवा वाडा’ म्हणतात तो पन्नास वर्षं जुना असतो, तसं.

२०१७ आलं. इंटेलचे परत चौदाचेच. पण त्या मार्चमध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीचे रायझन प्रोसेसर आले, आठ-आठ कोअरचे, म्हणजे एकदम आठ हात असल्यासारखे, आणि बऱ्याच वर्षांनी बाजारात खरी चुरस लागली. मी फोन केला. भावोजी म्हणाले, ‘पहिल्या वर्षीचं घेऊ नये. कलम लावलं तरी पहिला बहर काढून टाकतात.’ हे बरोबर आहे हो! यात मी काय बोलणार? मग रॅम महागली. २०१८पर्यंत रॅमचे भाव असे चढलेले की मीच गिऱ्हाइकांना ‘दोन महिने रावा’ म्हणत होतो. मग २०२०. टाळेबंदीत नातीचे वर्ग घरून सुरू झाले. या कॉम्प्युटरवर ते चालेनात म्हणून तिला मोबाइलवर बसवलं, आणि वर्षाअखेरीला पोरीला चष्मा लागला. मोबाइलनेच लागला असं मी म्हणत नाही, बहीण म्हणते.

शेवटी नोव्हेंबर २०२१मध्ये इंटेलचे ते दहा नॅनोमीटरचे प्रोसेसर डेस्कटॉपला आले. लॅपटॉपला २०१९पासून मिळत होते, पण भावोजींना डेस्कटॉपच हवा. मी धावत घरी. म्हटलं, भावोजी, आले तुमचे दहा! त्यांनी माहिती वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘इथे दहा कुठे लिहिलंय?’ नव्हतंच लिहिलेलं. त्याच वर्षी कंपनीने त्या पद्धतीचं बारसं ‘इंटेल ७’ असं केलं होतं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो आला, पण नाव बदलून आला. भावोजींना वाटलं हा कुणी दुसराच.

हसू नका, पुढचं ऐका. २०२३च्या जूनमध्ये कॉम्प्युटर सुरूच होईना. मी घरी नेऊन खोलला. आत काय असेल? पालीची दोन अंडी, पांढरी, मोत्यासारखी. आणि तांबडी माती. लोखंडाच्या खाणी आपल्याकडे २०१२मध्ये थांबल्या, पुढे परत सुरू होऊन २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या, ट्रक गेले, लोकांच्या हप्त्यांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तो धुरळा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये शाबूत! पावसाळी हवेने ओला होऊन, परत वाळून, शेणाने सारवल्यासारखा बसलेला. ब्लोअरने हलेना. शेवटी जुन्या टूथब्रशने खरवडला. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, त्यावर चहाच्या बशीभर तांबडी पूड पडली. मी ती भावोजींना पुडीत बांधून दिली. म्हटलं, निर्यात करा.

साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, वीज पुरवणारा एसएमपीएस बदलला. आणि त्यांना न विचारता जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, घातली. तिसऱ्या दिवशी फोन. आवाज तक्रारीचा. ‘अरे, हे काय करून ठेवलंस? फुलं काढायला वेळच मिळत नाही!’

ही चिठ्ठी आलीय. ‘साडेसातला नाटकाची तालीम आहे, सव्वासातला आटपावे.’ सात वाजून पाच झाले. बरं.

असं का झालं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. प्रोसेसर तोच. २००९चा. मग फरक कशाने? हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. त्याआधी सुई त्या गोलावर न्यायची, त्याला आणखी आठ-नऊ. म्हणजे इकडचं तिकडचं वाचायला लावलं तर ही डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपासच वेळा उत्तर देते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हजारोंनी देते. विंडोज सुरू होताना अशा बारीकसारीक फाइली उचलत बसतं. प्रोसेसर बिचारा तयार होऊन उभा, भटजी आलेत आणि सामान यायचंय, तसा. आणि आपण म्हणतो, भटजी बदला!

म्हणून दुकानात कुणी ‘घेवूं काय रावूं’ विचारलं की मी उलट विचारतो, कशासाठी? विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, कोण किती राबतंय ते दाखवणारा. काम अडतं त्या क्षणी बघा, शंभर टक्क्यांवर काय गेलंय? डिस्क गेली असेल तर एसएसडी. रॅम भरली असेल तर रॅम. प्रोसेसरच तासन्‌तास शंभरावर राहत असेल, व्हिडिओ एडिट करताना वगैरे, तरच पुढच्या पिढीची चर्चा करू. टॅलीवर हिशोब लिहिणाऱ्यांनी, शाळेच्या ऑफिसवाल्यांनी ती चर्चा मनोरंजन म्हणून करावी.

एक गोष्ट राहवत नाही, सांगतोच. अॅडम ऑस्बर्न नावाचा गृहस्थ. लहानपण तमिळनाडूत गेलं, वारला तोही २००३मध्ये कोडाईकनालला. याने १९८१मध्ये अमेरिकेत उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर काढला, ऑस्बर्न वन. उचलून म्हणजे अकरा किलो. पडदा पाच इंचांचा. किंमत १७९५ डॉलर. धडाधड खपला. १९८३मध्ये पुढचं मॉडेल बाजारात येण्याआधीच त्याची वाच्यता झाली. लोक म्हणाले, मग रावूया. जुना खपेना, आणि सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं. इतरही कारणं होती म्हणतात, पण ‘ऑस्बर्न इफेक्ट’ हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आता गंमत बघा. हे सगळ्या कंपन्यांना पाठ आहे, तरी त्या दोन-दोन वर्षं आधी पुढच्या पिढ्यांची नावं सांगतात. का? तुम्ही शेजारच्या दुकानातून घेऊ नये म्हणून. आपल्याला थांबवून ठेवणं हासुद्धा त्यांच्या धंद्याचा भाग आहे, हे भावोजींना मी अजून पटवू शकलेलो नाही.

सात वीस. पेटी आली वाटतं. या, या, ठेवा तिथे. पाच मिनिटं.

मूळ प्रश्न. कधी थांबावं? नव्याची तारीख जाहीर झाली असेल आणि ती दोन-तीन महिन्यांत असेल, तर थांबा. नवा घेण्यासाठी नाही. तो आला की जुन्या पिढीचा भाव उतरण्याची शक्यता असते, तो घ्या. नुसती बातमी असेल, ‘पुढच्या वर्षी’, ‘सूत्रांनुसार’, तर थांबू नका. पहिला बहर काढून टाकायचा, हे भावोजींचं म्हणणं खरंच आहे. २०११च्या जानेवारीत इंटेलचे सँडी ब्रिज आले आणि महिन्याच्या आत सोबतच्या मदरबोर्डवरच्या (सगळे भाग बसतात त्या मुख्य पाटीवरच्या) चिपसेटमध्ये दोष निघाला, बोर्ड परत घ्यावे लागले. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं २०२४मध्ये जादा व्होल्टेजने बिघडण्याचं झालेलं प्रकरण ताजं आहे, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पण त्यावर उपाय सहा महिने थांबणं हा आहे, सहा वर्षं नव्हे.

दुसरं, भाव. ‘थांबलं की स्वस्त होतं’ हे आपल्याला माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारातही वाटतं. चवथीच्या आदल्या रात्री भाव पडतात म्हणून थांबणारे असतात, त्यांना कांगलां मिळत नाहीत, तोरंजन मिळतं ते चेपलेलं. २०११मध्ये थायलंडला पूर आला आणि हार्ड डिस्क भडकल्या. २०२१मध्ये चिपांचा तुटवडा. २०२५च्या शेवटी तर रॅमने कहरच केला. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले, आणि आपल्या घरगुती रॅमचे भाव पेटले. ज्यांनी नवीन प्रोसेसरसाठी वाट पाहिली त्यांना प्रोसेसर मिळेल हो, पण आता रॅमला जी किंमत पडते तेवढ्यात आधी अख्खा कॉम्प्युटर आला असता.

तिसरं, सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. याकडे कुणी बघत नाही. एएमडीच्या २०१७च्या कितीतरी एएम-फोर सॉकेटच्या बोर्डांवर नुसतं बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, बदलून २०२२चा प्रोसेसर बसला. म्हणजे पिढ्या मोजण्यापेक्षा बोर्ड कुठला ते विचारा. पुढे वाट असलेला बोर्ड घ्या, प्रोसेसर आज मधला चालेल.

चौथं, विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेची अपडेटं, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज इलेव्हनला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. तुमचा त्याहून जुना असेल आणि त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल, तर हा प्रश्न तुमच्यासाठी उरलेलाच नाही, घ्या.

आणि यूपीएस, वीज गेली तरी थोडा वेळ कॉम्प्युटर चालवणारा. यावर मला अर्धा तास हवा होता. आपल्याकडे प्रोसेसर म्हातारा होऊन मरत नाही. मे अखेरच्या गडगडाटात मदरबोर्ड जळतो. वरच्या पिढीवर घालणार असलेल्या पैशातले चार हजार यूपीएसवर घाला, आणि वीज कडाडू लागली की प्लग काढा, ब्रॉडबँडची वायरसुद्धा. पावसाळ्यात रोज तासभर तरी मशीन चालू ठेवा, आत उबारा राहतो.

हिशोब एकच करून ठेवलाय. रोज पंधरा मिनिटं कॉम्प्युटरपुढे नुसतं बसण्यात गेली, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर पंचाहत्तर तास होतात. भावोजींचे २०१५ ते २०२३ या आठ वर्षांत सहाशे. अर्थात त्यात जास्वंदी निघाल्या, ते वजा करायला हवेत.

प्रश्न विचारायला वेळ नाही, दुकानात या. भावोजी आलेत बघा, दारात उभे आहेत, हातात नाटकाची हस्तपत्रकं. त्याच मशीनवर केलीत. जाताना एकेक घेऊन जा, प्रयोग जत्रेच्या रात्री आहे. तबलेवाले, ही खुर्ची तुमची ना? उठतो, उठतो.