हातांना कळणारी गाडी

[दृश्य : अंधाऱ्या खोलीत स्टिअरिंगवर ठेवलेले दोन हात. समोरच्या पडद्यावर उजवीकडे वळत जाणारा रस्ता.]

हे हात नीट पाहा. वळण सुरू होताच स्टिअरिंग जड होत जाते, कारण चालक ते जितके फिरवतो तितकी ते सरळ होण्याची उलटी ओढ घेते. मग एक क्षण असा येतो की ती ओढ सैल पडते, स्टिअरिंग हाताला हलके लागते आणि चालक फारसा विचार न करता ते केसभर मागे सोडतो. गाडी अजून घसरलेली नाही, पडद्यावर तर तसे काहीच दिसत नाही. तरीही पुढच्या टायरांची पकड संपत आल्याची वर्दी हातांना मिळालेली आहे. रेसिंग सिम्युलेशनमधली, म्हणजे खऱ्या शर्यतीची नक्कल करणाऱ्या संगणकीय खेळातली गाडी खरी वाटते की खेळण्यातली, याचा निकाल बहुधा याच क्षणी लागतो. बॉनेटवर पडलेले ढगांचे प्रतिबिंब किती सुंदर आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

[दृश्य : टायर आणि रस्ता, अगदी जवळून.]

प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. चाक वळवले म्हणजे टायर लगेच त्या दिशेने धावू लागतो असे नाही. रबर पिळवटते, आणि चाकाचे तोंड एका दिशेला तर त्याचा प्रवास किंचित वेगळ्या दिशेला, असा एक लहानसा कोन तयार होतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तसे गाडीला वळवणारे बाजूचे बल वाढत जाते, रस्त्यावरच्या बऱ्याच टायरांमध्ये 6 ते 10 अंशांच्या आसपास ते शिखर गाठते आणि नंतर उतरू लागते.

खरी गंमत याच्या पुढे आहे. हे बल त्या तळहाताएवढ्या जागेच्या बरोबर मध्यावर लागत नाही, तर थोडे मागे लागते, आणि म्हणूनच चाक स्वतःहून सरळ व्हायला बघते. कोन वाढू लागला की टेकलेल्या जागेचा मागचा भाग आधी सरकू लागतो, बलाचा बिंदू पुढे येतो आणि सरळ होण्याची ओढ कमी होते. हे सगळे पकड शिखरावर पोचण्याच्या आधी घडते. म्हणजे टायर सुटण्यापूर्वीच स्टिअरिंग हलके होते, आणि अनुभवी चालक त्या हलकेपणाच्या भरवशावरच गाडी चालवत असतो. ज्या खेळात टायर घसरल्यानंतर स्टिअरिंग नुसते थरथरवले जाते, तिथे गोष्ट घडून गेल्यावर तिची बातमी येते. अशा गाडीवर विश्वास बसत नाही, मग तिचे चित्र कितीही हुबेहूब असो.

हे वर्तन गणितात बसवण्याचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातले हान्स पाचेयका यांच्या नावाने ओळखला जातो. 1980 च्या दशकात व्होल्वोच्या सहकार्याने आकाराला आलेल्या या सूत्राला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात. नाव जादूचे असले तरी त्यात चमत्कार काही नाही. रबराच्या अंतरंगातून ते सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांना चपखल बसणारी ती एक वक्ररेषा आहे, आणि तिचा चढ, शिखर व उतार मोजक्या गुणांकांनी ठरतो. चढाचा भाग बहुतेकांना जमतो. उतार किती तीव्र ठेवायचा, इथे मात्र खेळाखेळांत फरक पडतो, कारण घसरलेली गाडी सावरता येते की हातची जाते, हे त्या उतारावर अवलंबून असते.

[दृश्य : पडद्यावर वेगाने बदलणारे आकडे.]

पडद्यावरचे चित्र सेकंदाला 60 वेळा बदलले तरी डोळ्यांना पुरते. टायरांच्या हिशेबाला ते पुरत नाही. 2008 मध्ये खुल्या झालेल्या आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग सिम्युलेशनमध्ये हा हिशेब सेकंदाला 360 वेळा मांडला जातो. रस्त्यावरची लहानशी कड ओलांडताना चाकाला बसणारा धक्का दोन चित्रांच्या मधल्या वेळातच येऊन जाऊ शकतो.

आता उणीव पाहू. फॉर्म्युला वनची गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा चालकाच्या अंगावर गुरुत्वाच्या सुमारे पाचपट ओढ येते. सिम्युलेटरची खुर्ची मात्र जागची हलत नाही. खऱ्या गाडीचे मागचे अंग सुटू लागले की ते आधी कंबरेला आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कळते. खेळात ते डोळ्यांना कळते, आणि तेही रस्ता तिरका दिसू लागल्यावर. म्हणून काही निर्माते शरीराकडे जाणारी ही बातमीदेखील स्टिअरिंगमधून देतात. खऱ्या स्टिअरिंगमध्ये जे येत नाही ते इथे का यावे, असा शुद्धतावाद्यांचा आक्षेप असतो. तो तर्काला धरून असला तरी मला पटत नाही, कारण खुर्ची मुकी असताना कोणीतरी बोलायलाच हवे.

पायांचेही असेच आहे. स्वस्त पेडल किती खाली गेले ते मोजते, तर लोड सेलचे, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरचे पेडल त्यावर किती जोर पडला ते मोजते. पायाच्या लक्षात अंतर राहत नाही, जोर राहतो, आणि त्यामुळे स्टिअरिंग तेच ठेवून नुसते पेडल बदलले तरी चालकाचे ब्रेकिंग सुधारलेले दिसते.

[दृश्य : पंख नसलेली, सिगारच्या आकाराची जुनी शर्यतीची गाडी.]

जे अवघड तेच खरे, हा या क्षेत्रातला जुना गैरसमज आहे. 1998 च्या ‘ग्रां प्री लेजंड्स’ या खेळामध्ये 1967 च्या फॉर्म्युला वन हंगामातल्या, हवेच्या जोरावर गाडीला रस्त्याशी दाबून धरणारे पंख नसलेल्या गाड्या होत्या, आणि अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडी गर्रकन फिरून मागे तोंड करून उभी राहत असे. तो खेळ त्या काळाच्या मानाने विलक्षण होता; पण त्याच्या धाकामुळे पुढे कित्येक वर्षे बर्फावरून चालल्यासारखी निसरडी गाडी म्हणजेच वास्तव, असे अनेक खेळाडू मानत राहिले. खरी गाडी बहुतेक वेळा आधी सांगते आणि मगच घसरते.

खेळातले कौशल्य रस्त्यावर उतरते का, याचे उत्तर काही अंशी मिळालेले आहे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमधून खरे शर्यतचालक निवडणाऱ्या जीटी अकॅडमी स्पर्धेचा 2008 चा विजेता लुकास ऑर्डोनेझ 2011 मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत आपल्या संघासह एलएमपी2 या खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या वर्गात दुसरा आला. मधल्या काळात त्याने खऱ्या गाड्यांवर भरपूर सराव केला होता, हे विसरता येत नाही.

[दृश्य : न्यूरबर्गरिंग, कारुसेल वळण.]

जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची 20.8 किलोमीटरची नॉर्डश्लायफ वाट लेझरने मोजून खेळांत आणली गेली आहे. कारुसेल या वळणावर आतल्या बाजूला काँक्रीटची कललेली पट्टी आहे. गाडी तिच्यात उतरली की काँक्रीटच्या तुकड्यांमधला प्रत्येक सांधा हाताला वेगळा लागतो. मोजमाप नसते तेव्हा तिथे एकसुरी खडखडाट ऐकू येतो, आणि जाणकार तो पहिल्याच फेरीत ओळखतो.

[दृश्य : चढावर थांबलेली गाडी.]

शेवटी एक साधी चाचणी. चढावर गाडी थांबवा, ब्रेक दाबून धरा आणि पाहत राहा. टायरची घसरण मोजताना गाडीच्या वेगाने भागावे लागते, आणि गाडी उभी असली की तो वेग शून्य असतो. हा भागाकार वेगळ्या युक्तीने सांभाळला नसेल तर ताशी 300 किलोमीटरवर अचूक वागणारी गाडी इथे जागच्या जागी थरथरते, किंवा ब्रेक लावलेला असतानाही इंचाइंचाने उताराकडे सरकत जाते.